मंगळवारचा चेहरा

कोर्बिनिआन ष्टाडलर दर मंगळवारी आईच्या थडग्यावर जात असे, आणि त्याबद्दल राइटबाख गावात त्याला मान होता.

मंगळवार हा ‘सोनेरी बोकड’चा सुट्टीचा दिवस. आठवड्यातून एकदा खानावळीने दार लावून घ्यायचं ही त्या मुलखातली रीत. त्या दिवशी इतर खानावळवाले झोपा काढत, सरपण फोडत, नाहीतर सहा दिवस तुंबलेलं भांडण बायकोशी उरकून घेत. कोर्बिनिआन दाढी करून, काळा कोट चढवून सकाळच्या पिवळ्या पोस्टबसमध्ये बसे आणि घाटापलीकडच्या सांक्ट लोरेनला, म्हणजे आपल्या जन्मगावी जाई. लढाईवरून परतल्यावर तो ‘सोनेरी बोकड’ची एकुलती एक मुलगी नोटबुर्गा हिच्याशी लग्न करून सासऱ्यांच्या घरी राहायला आला होता. घरजावयाला माहेर असलंच, तर ते असं दफनभूमीत असतं. निघताना बायको त्याच्या हातात लाल काचेतली मेणबत्ती देई आणि म्हणे, “आईंना माझाही नमस्कार सांग.”

थडग्यापाशी तो सात मिनिटं थांबे. मेणबत्ती लावी, पालापाचोळा झाडी, एकदा ‘हे आमच्या बापा’ म्हणे. मग रस्ता ओलांडून विधवा ओटीलीच्या ‘पोस्ट’ नावाच्या खानावळीत शिरे आणि परतीच्या बसपर्यंत तिथे क्नोडेल खात बसे.

एवढंच त्याचं पाप होतं. अकरा वर्षं चाललं होतं.

क्नोडेल म्हणजे शिळ्या पावाचे मुठीएवढे गोळे, आत धुरावलेल्या मांसाचे बारीक तुकडे, वर रस्सा. त्या डोंगरात घरोघरी करतात. ‘सोनेरी बोकड’मधले बुर्गी करायची, बुर्गी म्हणजे नोटबुर्गाच, एवढं मोठं नाव फक्त चर्चच्या वहीत असे. पण ते क्नोडेल बुर्गीचे नव्हते. ते तिच्या आईचे होते. सासूबाई चुलीशेजारच्या स्टुलावर बसून सगळ्यावर देखरेख ठेवत. पाव आठ दिवसांचा पाहिजे, दूध हात आखडून पाहिजे, आणि गोळा असा वळला पाहिजे की टेबलावरून पडला तर फरशीला भीती वाटावी. गिऱ्हाइकं तक्रार करत नसत. एक क्नोडेल खाली उतरवायला तीन मोठे पेले बिअर लागे, आणि बिअर उत्तम होती.

स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामध्ये ताटं सरकवायची एक खिडकी होती. जेवणाच्या वेळी बुर्गी तिथे उभी राहून खाणाऱ्यांची तोंडं न्याहाळायची. सगळं आवरलं, की नवऱ्याचं ताट वाढून ती समोर बसायची आणि विचारायची, “कसे झालेत?”

“चांगले,” कोर्बिनिआन म्हणायचा.

मग ती आणखी जरा वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत राहायची, तिथे काहीतरी यायचं राहिलंय अशी. आणि ताट उचलायची. त्या पाहण्यामुळेच तर तो मंगळवारी घाट ओलांडायचा आणि त्या पाहण्यामुळेच त्याला तिथे घास गिळताना थोडंसं वाईटही वाटायचं. थोडंसंच. ओटीली जायफळ घालायची.

यात आईच्या आठवणीचा काही संबंध नव्हता, हेही सांगायला हवं. त्याच्या आईला क्नोडेल बिलकूल जमत नसत.

*

एका वर्षी जूनमधल्या एका मंगळवारी तो ‘पोस्ट’च्या दाराशी पोचला, तर अंगणात दिवे, तारा आणि चाकांवरचा कॅमेरा. व्हिएन्नाहून सिनेमावाले आले होते. विनोदी कौटुंबिक चित्र काढत होते: शहरातला एक कडक सरकारी अधिकारी, त्याच्या पाच मुली, त्यातल्या थोरलीला आवडलेला खेड्यातला जनावरांचा डॉक्टर, आणि एकमेकांचं तोंड बघायला तयार नसलेले दोन व्याही. शेवटी लग्नाची पंगत आणि समेट. ती पंगत ओटीलीच्या अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली मांडली होती.

ओटीली म्हणाली, आज गिऱ्हाइकांना काही मिळणार नाही, चुलीवरचं सगळं सिनेमावाल्यांनी सांगून ठेवलंय. जो त्या टेबलाशी बसेल त्यालाच वाढायचं.

कोर्बिनिआनने आठवडाभर वाट पाहिली होती. तो कुंपणापाशी उभा राहून पातेल्यातून निघणारी वाफ बघत राहिला. गळ्यात शिट्टी अडकवलेला एक माणूस लगबगीने आला आणि म्हणाला, मुलीच्या काकाचं काम करणारा नट दातदुखीने झोपलाय, तुमच्या अंगावर काळा कोट आहे, बसता का? बोलायचं काही नाही. फक्त खायचं.

फक्त खायचं, हे ऐकल्यावर नाही म्हणणारा माणूस वेगळा असतो.

सिनेमावाल्यांची एक विचित्र रीत त्याला त्या दिवशी कळली. एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा करायला लावतात. तो एक क्नोडेल खाई, कुणीतरी ‘पुन्हा’ म्हणे, ताट बदललं जाई, नवा वाफाळता क्नोडेल येई. असं आठ वेळा. खुर्चीत बसलेला टोपीवाला दिग्दर्शक पहिल्यांदा व्याह्यांकडे कॅमेरा लावून होता. तिसऱ्या वेळेनंतर त्याने तो काकाकडे वळवला. सहाव्या वेळी मुलीची मावशी झालेल्या गुबगुबीत नटीने ठरल्याप्रमाणे “अजून एक?” असं विचारलं आणि ज्याने बोलायचं नव्हतं त्या कोर्बिनिआनच्या तोंडून काहीतरी निघून गेलं. कुणी रागावलं नाही. दिग्दर्शकाने तर टोपी काढली.

चित्र व्हिएन्नात लागेल, असं त्याने गृहीत धरलं होतं. व्हिएन्ना लांब होतं.

*

सव्वा वर्षाने, ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, ओटीलीने ताट समोर ठेवलं आणि नेहमीसारखी निघून न जाता खुर्ची ओढून बसली.

“मी पाहिलं ते,” ती म्हणाली. “शहरात बहिणीकडे गेले होते तेव्हा. तुम्ही आहात त्यात.”

“मागे कुठेतरी असेन.”

“मागे नाही. पुढे. नुसतं तोंड. धान्याच्या कोठाराच्या दाराएवढं. मिनिटभर तरी.” तिने पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसले. “सगळं थिएटर हसत होतं. मला हसू आलं नाही, खरं सांगते. वीस वर्षं चुलीपुढे उभी आहे, पण माझ्या हातच्या जेवणाकडे कुणी असं पाहिलेलं मी पाहिलं नव्हतं.”

कोर्बिनिआनला बरं वाटलं. ते पुढच्या वाक्यापर्यंत टिकलं. येत्या रविवारी ते चित्र राइटबाखच्या चर्चच्या सभागृहात दाखवणार आहेत, गावोगाव यंत्र घेऊन फिरणारा माणूस परवाच सांगत होता, असं ओटीली म्हणाली.

त्या दिवशी त्याने दुसरा क्नोडेल घेतला नाही. पोटात आधीच एक गोळा आला होता.

बसमध्ये घाट चढताना त्याने हिशेब मांडून पाहिला. मंगळवारचं उघडं पडेल, हे एक. थडग्याच्या नावावर खाल्लं, हे दोन. या दोन्हींसाठी आरडाओरडा होईल, ताटं आपटली जातील, सासूबाई दोन महिने त्याच्याशी मांजरामार्फत बोलतील. हे सोसण्यासारखं होतं. पण बुर्गी पडद्यावर ते तोंड पाहील. अकरा वर्षं रोज टेबलापलीकडून जे शोधत होती, ते तिला दुसऱ्या बाईच्या अंगणात, कोठाराच्या दाराएवढं मोठं करून दाखवलं जाईल, आणि सगळं गाव शेजारी बसून हसत असेल. ते काही त्याला सोसवेना. त्याहून वाईट म्हणजे, तिला ते सोसवेल असं त्याला वाटेना.

घरी आल्यावर त्याने सहज विषय काढला, की असली थिल्लर चित्रं रविवारी बघणं बरं नव्हे. बुर्गी म्हणाली, फादरनीच आणवलंय. शिवाय कुटुंबाची गोष्ट आहे, हसायला मिळेल. या घरात शेवटचं कोण कधी हसलं होतं? सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या, बुर्गीचे वडील एकदा हसले होते, एकोणीसशे एकतीस साली. तिकिटं आलेली होती. दुसरी रांग.

*

आता राहिला आंब्रोस.

आंब्रोस चर्चचा सेवेकरी. घंटा वाजवणं, मेणबत्त्या विझवणं आणि प्रार्थनेच्या वेळी म्हणायच्या गाण्यांचे आकडे काळ्या पाटीवर लावणं ही त्याची कामं. याशिवाय त्याच्याकडे एक नाजूक जबाबदारी होती. फादर गॉटहार्ड यांनी सभागृहात सिनेमा दाखवायला परवानगी दिली होती ती एका अटीवर: चुंबन दिसता कामा नये. कुठल्या चित्रात किती चुंबनं आणि केव्हा, याची यादी फादरांकडे असे. चुंबन जवळ आलं, की यंत्राशेजारी बसलेला आंब्रोस आकडे काढलेली ती काळी पाटी भिंगापुढे धरी. सभागृहात अंधार होई, व्हायोलिनं वाजत राहत, आणि पाटी खाली आली की नायिका केस सारखे करताना दिसे. गावाला याची इतकी सवय झाली होती, की अंधार किती वेळ टिकला त्यावरून लोक चित्राची प्रत ठरवत. अंधार लांबला तर टाळ्या पडत.

बुधवारी कोर्बिनिआनने आंब्रोसला घंटाघराच्या जिन्यात गाठलं. सगळं सांगितलं नाही. म्हणाला, शेवटी लग्नाची पंगत आहे. ती बसली की पाटी धर, नवरानवरी उठली की काढ.

“पंगतीत काय करतात?” आंब्रोसने विचारलं.

“जेवतात.”

“मग झाकायचं काय?”

“ते तू विचारू नकोस. आपण एका बाकावर शिकलो आहोत ना?”

“तू लोरेनला शिकलास, मी इथे.”

कोर्बिनिआनने अर्धं डुक्कर देऊ केलं. आंब्रोस नको म्हणाला. क्नोडेलचं नाव काढताच तर जिन्याच्या दोन पायऱ्या खाली उतरला. शेवटी त्याने आपली मागणी सांगितली आणि ती भारी होती. ‘सोनेरी बोकड’मध्ये भट्टीजवळ एक गोल टेबल होतं. तिथे ठरलेली आठ माणसं बसत, त्यांचेच पेले खुंटीला असत, आणि त्यांतला एक मेल्याशिवाय नवव्याला जागा मिळत नसे. आंब्रोस नऊ वर्षं वाट पाहत होता. ते आठही जण तब्येतीने ठणठणीत होते. दर रविवारी आंब्रोस घंटा वाजवताना त्यांच्याकडे बघे आणि निराश होई.

“नववी खुर्ची टाकतो,” कोर्बिनिआन म्हणाला. खानावळीच्या शंभर वर्षांत असं घडलं नव्हतं.

आंब्रोसने शपथ घेतली. पाटी धरीन, डोळे मिटीन, आणि प्रत्यक्ष बिशप आले तरी तोंड उघडणार नाही.

योजना पक्की होती. तिच्यात एकच खोट होती, आणि ती दोघांच्याही ध्यानात आली नाही, कारण आजवर त्या पाटीमागे फक्त चुंबनंच गेली होती. चुंबनाला आवाज नसतो. असलाच तर व्हायोलिनचा असतो.

*

रविवारी तीन वाजता सभागृहाचे पडदे ओढले. लोक घरून उशा घेऊन आले होते, कारण बाकं चर्चचीच, देहदंडासाठी केलेली. दुसऱ्या रांगेत सासूबाई, मध्ये बुर्गी, कडेला कोर्बिनिआन. बुर्गीने निळी शाल घेतली होती, जी ती फक्त बारशाला घेई.

चित्र चांगलं होतं. तो कडक अधिकारी खेड्यात येऊन शेणात पाय घालतो तिथे बुर्गी इतकी हसली, की तिने नवऱ्याच्या मांडीवर थाप मारली. त्याचं त्या हसण्याकडेच लक्ष होतं. गोठ्यात थोरली मुलगी आणि डॉक्टर जवळ आले. पाटी चढली, व्हायोलिनं वाजली, अंधार भरपूर लांबला, टाळ्या पडल्या. फादर गॉटहार्डांनी यादीवर पेन्सिलीने खूण केली.

मग सफरचंदाचं झाड दिसलं. लांबलचक टेबल, पांढरं कापड. नवरानवरी बसली. आणि पाटी चढली.

लोक खूश झाले. यादीबाहेरचं काहीतरी मिळत होतं. अंधारात पडद्यामागच्या कर्ण्यातून ताटांचा आवाज येत होता. दोन व्याही एकमेकांवर खेकसले, मग गप्प झाले. वाद्यं थांबली. कोर्बिनिआनने सुस्कारा सोडला आणि तो अर्ध्यात असतानाच कर्ण्यातून एका बाईचा मधाळ आवाज आला:

“घ्या ना. लाजता काय? इथे आपण घरचेच आहोत.”

आणि मग पुरुषाचं कण्हणं. खालून कुठून तरी निघालेलं, हळूहळू वर चढत गेलेलं, लांब, तृप्त कण्हणं.

“अजून एक?” बाईने विचारलं.

“हो,” तो पुरुष म्हणाला. “हो. अरे देवा. थांबू नका.”

सभागृहात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

तो आवाज गावातल्या प्रत्येकाने रोज ऐकला होता. तोच आवाज रोज संध्याकाळी “दोन मोठे, एक लहान” म्हणून बिअर पुकारत असे. अग्निशमन दलाची हजेरी तोच आवाज घेत असे. आंब्रोस मात्र डोळे घट्ट मिटून, शपथेला जागून, पाटी धरून बसला होता. कण्हणं दुसऱ्यांदा सुरू झालं.

सासूबाई म्हणाल्या, “हा तर आपला.”

फादर उठून उभे राहिले आणि दिवे लावायला सांगितले. यंत्र थांबलं. त्यांनी यादी उजेडात धरली. यादीत दोन चुंबनं होती, पंगतीबद्दल तिथे एक अक्षर नव्हतं. “आंब्रोस,” त्यांनी विचारलं, “काय झाकलंस तू?”

आंब्रोसने डोळे उघडले. “फादर, ते मी सांगू शकत नाही. मी बघितलं नाही. मला बघू नकोस असं सांगितलं होतं.”

त्याने याहून कमी बोलून याहून जास्त नुकसान करणं अवघड होतं.

बुर्गीने वळून नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला धीर आला असता. ती मनातल्या मनात काहीतरी मागे मागे उलगडत चालली होती, आणि ते कुठे जाऊन थांबणार हे त्याला दिसत होतं.

“ते झाड मला माहीत आहे,” ती म्हणाली. “लोरेनच्या चर्चसमोरचं. मंगळवारी.”

“बुर्गी, ऐक.”

“अकरा वर्षं मी तुला मेणबत्ती देत होते.”

एवढंच बोलली. शाल सावरली आणि बाकावरून बाहेर पडायला वाट मागितली. वाट अडवून तोच बसला होता. मागच्या रांगेतल्या लोकांनी उशा मांडीवर घेतल्या होत्या. तिला वाटत होतं ते या क्षणी सगळ्या गावाला वाटत होतं, आणि ते खऱ्यापेक्षा इतकं भयंकर होतं, की कोर्बिनिआनच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याला खरं बोलणं सोपं वाटलं.

तो उभा राहिला. अग्निशमन दलाच्या आवाजात म्हणाला, “परत लावा. पाटी न धरता.”

यंत्रवाल्याने कुरकुर केली. रीळ उलटं गुंडाळायला बारा मिनिटं लागतात, आणि तो पंचक्रोशीत कुठेही काहीही परत दाखवत नाही. फादर म्हणाले, दाखवा. मग जरा थांबून म्हणाले, आधी मी एकटा बघतो. सासूबाईंनी त्यांना खाली बसायला सांगितलं.

ती बारा मिनिटं राइटबाखमध्ये अजून लोकांच्या लक्षात आहेत. दिवे लागलेले. कुणी घरी गेलं नाही. बुर्गी परत बसली होती, पण बाकाच्या टोकावर, आणि तिच्या मांडीवर हात असे ठेवलेले होते जसे फोटो काढताना ठेवतात. कोर्बिनिआन रिळाची कुरकुर ऐकत होता. ज्या मिनिटभरासाठी त्याने पाच दिवस झोप घालवली, ते मिनिट लवकर यावं म्हणून तो आता देवाचा धावा करत होता.

दिवे गेले. झाड. टेबल. नवरानवरी. दोन व्याही खेकसले, गप्प झाले. आणि पडदाभर कोर्बिनिआनचं तोंड आलं.

घास तोंडात जात होता. डोळे आधी मोठे झाले, मग आपोआप मिटले. गाल थरथरले. कपाळावरच्या आठ्या एकेक करून नाहीशा झाल्या, आणि लढाईपूर्वीचा, कदाचित त्याहूनही आधीचा एक माणूस हळूच वर आला आणि तोंडभर पसरला. डोळ्याच्या कोपऱ्यातून खरंच पाणी आलं. मग ते कण्हणं. कॅमेरा जरा मागे सरला, ताट दिसलं, ताटात अर्धा क्नोडेल दिसला.

“अजून एक?” गुबगुबीत मावशी म्हणाली.

“हो. हो. अरे देवा. थांबू नका.”

सभागृह फुटलं. लोक हसताना एकमेकांच्या अंगावर पडले. गोल टेबलावरच्या आठांपैकी एकाला उचकी लागली आणि आंब्रोसने त्याच्याकडे सवयीने आशेने पाहिलं. फादर गॉटहार्डांनी यादीची घडी घालून खिशात ठेवली आणि घाम पुसला. चर्चच्या सभागृहात जे घडलं नव्हतं, त्याबद्दल ते मनापासून आभार मानत होते.

बुर्गीच्या छातीतून मोठा श्वास बाहेर पडला. “क्नोडेल,” ती म्हणाली. “म्हणजे नुसते क्नोडेल?”

“नुसते.”

“दुसरं काही नाही?”

“कधीमधी कोबी.”

तिने त्याच्या दंडावर जोरात गुद्दा मारला आणि डोळे टिपले. त्याचा जीव भांड्यात पडला, पण बुडाशी टेकला नाही, कारण ती पुढे होऊन यंत्रवाल्याला म्हणाली, “पुन्हा एकदा दाखवा.”

यंत्रवाल्याने या वेळी कुरकुर केली नाही. पुन्हा बारा मिनिटं. आता लोक गप्पा मारत होते, एकमेकांना कण्हून दाखवत होते. बुर्गी मात्र पडद्याकडे तोंड करून बसली होती, आणि जे व्हायचं ते आत्ता होणार हे कोर्बिनिआनला कळत होतं. पहिल्यांदा तिने पाप आहे का हे पाहिलं होतं. आता ती चेहरा बघणार होती.

तिने तो पाहिला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पापणी न हलवता. हसली नाही.

“हेच,” ती हळू म्हणाली. “खिडकीतून मी हेच शोधायचे.”

चांगले, हा एक शब्द त्याच्याकडे होता आणि तो वापरून झिजला होता.

“काय घालते ती?”

“जायफळ,” तो म्हणाला. “आणि पाव एकच दिवस शिळा. दूध भरपूर.”

“पाव आठ दिवसांचा पाहिजे,” सासूबाई म्हणाल्या. “आठ दिवसांच्या आतला पाव हा पावच नव्हे. माझ्या आईने—”

“आई,” बुर्गी म्हणाली, “तू जरा गप्प बस.”

चुंबनाच्या अंधारातही राइटबाखच्या सभागृहात इतकी शांतता कधी झाली नव्हती. सासूबाईंनी तोंड उघडलं, बुर्गीकडे पाहिलं, मिटलं. बुर्गी स्वतःच दचकली होती. मग तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं आणि ती बाकाला टेकून बसली.

“मला ते कधीच आवडले नाहीत,” ती नवऱ्याला म्हणाली. “लग्नाच्या वर्षी एक खाल्ला होता. तेव्हापासून मी कोठीत जाऊन पाव आणि चीज खाते. तू रोज चांगले म्हणायचास. मला वाटायचं, दोष माझ्याच जिभेचा असेल.”

*

त्या मंगळवारी पोस्टबसमध्ये दोघं बसले. मेणबत्ती बुर्गीच्या मांडीवर होती. गोल टेबलाला आदल्या दिवशी नववी खुर्ची लागली होती. आठांनी निषेध म्हणून एक पेला कमी घेतला होता आणि आंब्रोसने सगळ्यांची तब्येत विचारली होती. स्टुलावर सासूबाई मांजराशी बोलत होत्या.

थडग्यापाशी बुर्गीला घाई नव्हती. तिने दगड पुसला, शेवंतीची रोपं सरळ केली, सासूबाईंना, म्हणजे या मुक्या सासूबाईंना, नमस्कार सांगितला, तीनदा ‘हे आमच्या बापा’ म्हटलं. कोर्बिनिआन एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. सात मिनिटं केव्हाच उलटली होती, आणि रस्त्यापलीकडून रश्शाचा वास येत होता.

“इतकीच भक्ती का?” बुर्गीने विचारलं.

“आईला लांबण लावलेलं आवडत नसे,” तो म्हणाला.

ओटीलीने दोघांना दारात पाहिलं आणि तिचा हात नकळत एप्रनकडे गेला. बुर्गीने खुर्ची ओढली, शाल पाठीवर टाकली, आणि जेवायला आल्याचं सांगितलं. ताट आलं. स्वयंपाकघराच्या दारात ओटीली उभी राहिली आणि बुर्गीच्या तोंडाकडे बघू लागली. ते उभं राहणं बुर्गीने ओळखलं. अकरा वर्षं तीही तशीच उभी होती.

तिने काट्याची कड लावली. क्नोडेल आपणहून दुभंगला. पहिला घास तिने तोंडात ठेवला आणि कोर्बिनिआन स्वतःच्या ताटाकडे बघायचं विसरला. तिचे डोळे मोठे झाले. मग मिटले. कपाळ सुटलं. निळ्या शालीतली, पंचवीस वर्षांची असावी अशी कुणीतरी मुलगी तिच्या तोंडावर येऊन निवांत बसली. ही मुलगी त्याने लग्नाच्या दिवशी पाहिली होती, नंतर कुठे गेली ते त्याने विचारलं नव्हतं.

“कसे झालेत?” ओटीलीने दारातूनच विचारलं.

बुर्गीने आधी ताटातलं सगळं संपवलं आणि शेवटचा घास सावकाश गिळला. डोळे उघडले. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग ओटीलीकडे.

“चांगले,” ती म्हणाली, अगदी त्याच्यासारखं, कोरडं, आणि रिकामं ताट पुढे केलं.